शेजाऱ्याचा कुत्रा, आपली परसबाग

मंडळी, आज आपण एका लहान दिसणाऱ्या गोष्टीचा धडा वाचणार आहोत. गोष्ट लहान आहे खरी. पण तिच्यापायी दोन घरे वर्षानुवर्षे एकमेकांशी बोलेनाशी झालेली आम्ही पाहिली आहेत.

घरामागे थोडी जागा असते. मोरीचे पाणी तिकडे जाते. त्या पाण्यावर अळू होते, केळ होते, शेवगा होतो. बाजूला दोन वाफे असतात. एकात मेथी, एकात कोथिंबीर. घरची बाई सकाळी भाजी खुडायला जाते आणि पाहते, तर वाफ्यात कुत्र्याने घाण केलेली. रोपे उकरलेली. कुत्रा कोणाचा? शेजारच्यांचा. आज झाले, उद्या झाले, आठ दिवस झाले. मग एके दिवशी कुंपणावरून आवाज चढतो.

"तुमचं कुत्रं बांधून ठेवा!"

पलीकडून उत्तर येते, "मुकं जनावर ते! त्याला काय कळतंय? तुम्हीच कुंपण घाला की!"

दोघांचेही थोडे थोडे खरे आहे. म्हणूनच हे भांडण लवकर मिटत नाही.

या धड्यात आपण चार गोष्टी पाहू. ही घाण खरोखर किती वाईट? कुत्रा आपल्याच वाफ्यात का येतो? काय करू नये? आणि शेजाऱ्याशी कसे बोलावे, म्हणजे काम होईल आणि शेजारही टिकेल? जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांत यात आणखी एक गोष्ट मिसळते. ती म्हणजे बिबट्या. बिबट्यामुळे हे भांडण जिवावरचे होऊ शकते. आणि नीट विचार केला, तर भांडण मिटवायची वाटही त्यातूनच सापडते.

१. शेण चालते, मग ही घाण का चालत नाही?

पुष्कळ जण विचारतात, "मास्तर, शेण आपण खत म्हणून घालतो. कोंबड्यांची विष्ठा घालतो, मेंढ्यांची लेंडी घालतो. मग कुत्र्याची घाण पडली तर बिघडले कुठे?"

प्रश्न चांगला आहे. उत्तर असे आहे.

गाय-बैल चारा खातात. कुत्रा मांस खातो, उष्टे-खरकटे खातो, मेलेले जनावरही खातो. त्याच्या पोटात जे जंत असतात, त्यांतले काही माणसाला बाधतात. त्या जंतांची अंडी कुत्र्याच्या विष्ठेतून बाहेर पडतात. ती डोळ्यांना दिसत नाहीत. विष्ठा वाळून गेली, पावसाने वाहून गेली, तरी अंडी मातीत राहतात. शिवाय शेणखत आपण उकिरड्यात महिनोन् महिने कुजवतो आणि मग शेतात घालतो. कुत्र्याची घाण पडते ती थेट हिरव्या भाजीवर.

असे तीन जंत ओळखून ठेवा.

पहिला गोल जंत. हा लहान पिलांमध्ये फार असतो. याची अंडी मातीत दोन-तीन आठवडे राहिली की बाधण्याजोगी होतात, आणि पुढे काही वर्षे टिकू शकतात. मूल मातीत खेळते, हात तोंडात घालते. अंडी पोटात जातात. त्यातून निघालेल्या अळ्या काळजात, फुप्फुसात फिरतात. क्वचित डोळ्यात जातात आणि नजरेला इजा होते. यातून एक कामाची गोष्ट कळते. विष्ठा त्याच दिवशी उचलली, तर या जंताला मातीत पसरायला वेळच मिळत नाही.

दुसरा आकडी जंत. त्याच्या अळ्या ओल्या मातीत असतात. अनवाणी पायाच्या कातडीतून त्या आत शिरतात. मग तेथे खाज सुटते आणि कातडीखाली तांबडी नागमोडी रेघ उठते. म्हणून परसात जाताना पायात चप्पल असू द्या.

तिसरा चपटा जंत. हा अगदी लहान असतो, पण त्याचे काम मोठे वाईट. याचा फेरा समजून घ्या. मेंढी किंवा बकरी चरताना गवताबरोबर याची अंडी खाते. तिच्या काळजात आणि फुप्फुसात पाण्याने भरलेल्या गाठी होतात. जत्रेत किंवा घरच्या कार्यात बकरे कापतात. गाठी असलेले काळीज, आतडी वगैरे कुत्र्यापुढे टाकतात. कुत्र्याच्या पोटात पुन्हा जंत तयार होतात. त्यांची अंडी विष्ठेतून गवतावर आणि भाजीवर येतात. ती माणसाच्या पोटात गेली, तर माणसाच्या काळजातही तशीच गाठ वाढू लागते. ती सावकाश वाढते. काही वर्षांनी पोट दुखते, सोनोग्राफी करतात, तेव्हा कळते. कधी कधी मोठी शस्त्रक्रिया करावी लागते. या जंताची अंडी ताजी असतानाच बाधतात. म्हणून विष्ठा उचलताना उघडा हात लावायचा नाही.

आपल्या भागात धनगरांचे वाडे उतरतात. शेळ्यामेंढ्या घरोघर आहेत. जत्राही पुष्कळ होतात. तेव्हा हा फेरा आपल्याला दूरचा नाही. तो तोडायचा उपाय मात्र सोपा आहे. बकरे कापल्यावर नको असलेले अवयव खोल खड्ड्यात पुरायचे. कच्चे काळीज, आतडी कुत्र्याला घालायची नाहीत. कुत्र्याला वेळच्या वेळी जंताचे औषध द्यायचे. मोठ्या कुत्र्याला साधारण दर तीन महिन्यांनी, पिलांना त्याहून लवकर. औषध कोणते आणि किती, हे पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारावे.

भाजी वाहत्या पाण्याखाली चांगली धुवा. कोथिंबीर, मुळा, कांद्याची पात आपण कच्ची खातो. अशी पाने मातीला टेकलेली असतात. जेथे घाण पडली असेल, तेथली कच्ची पाने खाऊ नका. भाजी शिजवली म्हणजे भीती उरत नाही.

२. कुत्रा आपल्याच वाफ्यात का येतो?

कुत्रा आपल्याला त्रास द्यावा म्हणून येत नाही. त्याला तीन गोष्टी हव्या असतात.

त्याला मऊ माती आवडते. आपण वाफा खणतो, भुसभुशीत करतो. कुत्र्याला वाटते, ही जागा माझ्यासाठीच केली आहे.

त्याला वास ओळखीचा लागतो. एकदा जेथे घाण केली, तेथे तो वासावर पुन्हा येतो. वास राहिला, तर आपण शंभर वेळा हाकलला तरी तो शंभर वेळा येईल.

त्याची वेळही ठरलेली असते. सकाळी उठल्यावर, आणि खाल्ल्यानंतर थोड्या वेळाने. मालक भाकरी टाकतो आणि कुत्र्याला मोकळा सोडतो. मग कुत्रा जवळची मऊ जागा शोधतो. ती असते आपली.

हे समजले की उपाय समजतो.

विष्ठा फावड्याने उचला. तिच्याखालची चार बोटे मातीही उचला. ती विहिरीपासून, हातपंपापासून आणि भाजीपासून दूर, हातभर खोल खड्ड्यात पुरा. उकिरड्यात टाकू नका. उकिरडा सगळीकडे सारखा तापत नाही, त्यामुळे अंडी मरतीलच असे नाही. त्या जागी भरपूर पाणी मारा, म्हणजे वास मोडेल. मग साबणाने हात धुवा.

नवीन पेरलेल्या वाफ्यावर बाभळीच्या किंवा बोरीच्या काटेरी फांद्या अंथरा. रोपे वर आली की फांद्या काढा. वाफा ओला ठेवा. ओल्या जागेत कुत्र्याला बसावेसे वाटत नाही.

कुंपण करताना खालची बाजू पाहा. कुत्रा वरून उडी मारण्यापेक्षा खालून शिरतो. म्हणून खाली दगडांची रांग लावा. कायमचे कुंपण हवे असेल, तर सागरगोटा किंवा चिलार लावा. दोन-तीन पावसाळ्यांत दाट काटेरी कूड तयार होते.

आणखी एक गोष्ट आपल्याच हातातली आहे. परसात खरकटे टाकू नका. मेलेली कोंबडी, मटणाची हाडे उघड्यावर टाकू नका. आपण कुत्र्याला जेवायला बोलावले, तर तो जेवून तेथेच घाण करणार.

काही लोक लाल पाण्याची बाटली दारात टांगतात. कोणी निळ्या पाण्याची टांगतात. कुत्रा त्याला भितो, असे म्हणतात. यात तथ्य नाही. कुत्र्याला लाल रंग आपल्यासारखा दिसतच नाही. निळा दिसतो, पण निळ्या रंगाला त्याने भ्यावे असे काही कारण नाही. पहिल्या दिवशी तो नवी वस्तू म्हणून बिचकेल. तिसऱ्या दिवशी बाटलीशेजारीच बसेल.

३. काय करू नये?

राग आला की माणसाला भलते सुचते. म्हणून हा भाग सावकाश वाचा.

भाकरीत विष घालू नका. कुत्र्याला घातलेले विष कुत्र्यापाशी थांबत नाही. तो तुकडा कोंबडी खाते, शेळी खाते. लहान मूलही हातात घेते. मेलेल्या कुत्र्याचे मांस बिबट्याने खाल्ले, तर तोही मरू शकतो. बिबट्याला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे. कुत्र्याला मारणे हाही गुन्हाच आहे. १ जुलै २०२४ पासून आपल्या देशात भारतीय न्याय संहिता लागू झाली. तिच्या ३२५ व्या कलमाप्रमाणे, जनावराला मारणाऱ्याला, विष घालणाऱ्याला किंवा लुळेपांगळे करणाऱ्याला पाच वर्षांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. मेथीच्या एका वाफ्यासाठी कोर्टाची पायरी चढायची का?

कुंपणात वीज सोडू नका. त्या तारेने आपलेच मूल, आपलीच गाय मरेल. रात्री पाणी द्यायला निघालेला शेजारी मरेल.

मिरचीची पूड टाकू नका. कुत्र्याचे डोळे-नाक जळते आणि पहिल्या पाण्याबरोबर पूड वाहून जाते. रॉकेल, फिनेल ओतू नका. त्याने माती खराब होते.

दगड-काठीने मारू नका. घाबरलेला कुत्रा चावतो. कोणाही कुत्र्याने चावा घेतला, तर जखम लगेच साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवा. चुना, हळद, तिखट काही लावू नका. त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात जा आणि लस घ्या. पुढच्या लसीही ठरल्या दिवशी घ्या. रेबीज एकदा अंगात भिनला की माणूस वाचत नाही. वेळेवर लस घेतली की वाचतो.

आपल्याकडे कुत्र्याला नुसते जनावर मानत नाहीत. खंडोबाजवळ कुत्रा असतो, दत्ताच्या पायांशी चार कुत्रे असतात. जुन्नर तालुक्यात धामणखेलला खंडोबाचे देऊळ आहे. तेथे भंडारा उधळून यायचे आणि घरी येऊन कुत्र्याला विष घालायचे, हे शोभणारे नाही. नामदेव महाराजांची गोष्ट तर आपण लहानपणापासून ऐकतो. कुत्र्याने भाकरी पळवली, तर कोरडी खाऊ नको, असे म्हणत नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले. आपण तूप घेऊन धावलो नाही तरी चालेल. दगड घेऊन धावू नये, इतके पुरे.

४. आपल्या दोन तालुक्यांतली वेगळी गोष्ट

आता बिबट्याकडे येऊ. आपल्याकडे त्याला सर्रास वाघच म्हणतात.

कुकडी प्रकल्पात पाच धरणे झाली. माणिकडोह, येडगाव, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे. कालव्याचे पाणी आले. ऊस वाढला. आपल्या भागात विघ्नहर आणि भीमाशंकर असे साखर कारखाने उभे राहिले. उसाने घरात पैसा आणला, आणि उसानेच बिबट्याला आसरा दिला. ऊस उंच असतो, दाट असतो, आत गारवा असतो. बिबट्याची मादी उसात पिले घालते. तोडणीच्या वेळी मजुरांना ती पिले सापडतात.

बिबट्या राहतो उसात. पण खातो काय? उसाच्या रानात हरणे नाहीत. जुन्नरला लागूनच उत्तरेला अकोले तालुका आहे. तेथे विद्या अत्रेय आणि त्यांच्या सोबत्यांनी याचा अभ्यास केला. तो २०१४ साली प्रसिद्ध झाला. त्यांनी बिबट्याची विष्ठा गोळा करून तपासली. तिच्यातल्या केसांवरून कोणते जनावर खाल्ले, ते ओळखले. बिबट्याच्या खाण्यात सर्वांत मोठा वाटा निघाला कुत्र्याचा. वजनाच्या हिशेबाने १०० भागांपैकी ३९ भाग कुत्रा. शेळ्या पुष्कळ होत्या, तरी कुत्र्याचा वाटा त्यांच्याहून जास्त. कारण शेळी रात्री गोठ्यात असते आणि कुत्रा बाहेर मोकळा असतो.

आता आपल्या परसबागेकडे पाहा. शेजाऱ्याचा कुत्रा रात्री मोकळा सुटतो. आपल्या वाफ्यात येतो. बिबट्या त्याच्या मागावर येतो. म्हणजे कुत्रा आपल्या मागच्या दारापर्यंत बिबट्याची वाट पाडतो. एकदा येथे शिकार मिळाली की बिबट्या पुन्हा येतो. त्याच परसात पहाटे आपली आई चुलीसाठी काटक्या आणायला जाते. अंधारात पोर लघवीला बाहेर बसते. बसलेले लहान मूल बिबट्याला लहान जनावरासारखे दिसते.

२००१ ते २००३ या काळात जुन्नर भागात माणसांवर बिबट्यांचे हल्ले एकाएकी वाढले होते. पुढेही असे दिवस पुन्हा पुन्हा आले आहेत. माणिकडोहला बिबट्यांसाठी निवारा केंद्र काढावे लागले, ते उगीच नाही. पण पिंजऱ्याने सगळे भागत नाही. एक बिबट्या धरला, तरी उसात दुसरा येतो. कुत्री मोकळी, खरकटे उघड्यावर, हे जोवर आहे, तोवर त्याला येथे यायला कारण आहे.

शेजारी म्हणेल, "कुत्रं रातचं मोकळं असलं म्हणजे राखण होते." यावर शांतपणे सांगा. गोठ्यात किंवा पडवीत बंद असलेला कुत्राही वास येताच भुंकतो. आतून भुंकला तर घर जागे होते आणि कुत्राही वाचतो. बाहेर असला तर एकदाच केकाटतो. उघड्यावर साखळीने बांधलेल्या कुत्र्याला तर पळताही येत नाही. म्हणून रात्री नुसते बांधून भागत नाही, दाराआड कोंडले पाहिजे.

म्हणजे पाहा, आपली भाजी स्वच्छ राहावी म्हणून जे करायचे, तेच शेजाऱ्याचा कुत्रा जगावा म्हणून करायचे आहे. दोघांच्या पोरांसाठीही तेच करायचे आहे. रात्री कुत्रा आत. उजाडल्यावर माणसाबरोबर बाहेर. घाण करायची जागा एकच आणि ठरलेली. असे असता भांडायचे कशासाठी?

५. शेजाऱ्याशी कसे बोलावे?

आधी खात्री करा. दोन-तीन दिवस सकाळी पाहा. कुत्रा खरेच त्यांचाच आहे ना? उगीच आळ घेतला, तर पुढे खरे बोललेलेही कोणी ऐकत नाही.

रागात असताना जाऊ नका. पाहुणे असताना जाऊ नका. चावडीवर, पाराखाली, चार माणसांत विषय काढू नका. चारचौघांत माणूस आपली चूक कबूल करीत नाही. दिवसा, निवांत वेळी, घरी जा.

एक नमुना वाचा. तरुण सून शेजारच्या म्हाताऱ्या बाईंकडे गेली आहे.

"मावशी, आहात का घरात?"

"ये गं, बस. च्या टाकते."

"मावशी, एक सांगायचं होतं. राग मानू नका. तुमचा कुत्रा रातचा आमच्या वाफ्यात येतो. तीन दिवस झाले, मेथी उपटून टाकावी लागली. धाकटं पोर तिथंच मातीत खेळतंय. डॉक्टर म्हणतात, त्या घाणीतून जंत होतात."

"अगं, मुकं जनावर! त्याला काय डांबून मारू?"

"डांबू नका, मावशी. पण पलीकडं ऊस आहे. रातचं वाघराचं भ्या वाटतं. तुमचं कुत्रं मोकळं असलं तर पहिलं त्यालाच न्यायचं. रातचं गोठ्यात कोंडा. उजाडलं की तुमच्या मागच्या पडीक कोपऱ्यात न्या. तिथं खड्डा आमचे हे खणून देतील. राख मी आणून देते, वरून टाकायला."

"आन् दिवसा आलं तर?"

"दिवसा आम्ही काट्या लावतो. तरी आलंच, तर मी हाक मारीन. तुमच्याकडून कुणी पाटी-फावडं घेऊन यायचं. येवढं केलं की झालं."

"बरं. पोराला सांगते. त्येच सोडतंय त्याला रातचं."

या बाईने काय केले, ते नीट पाहा. "तुमच्या घराला वळणच नाही," असे ती म्हणाली नाही. जुनी बांधाची कुरापत काढली नाही. तिने तीनच गोष्टी सांगितल्या. काय झाले, त्याने काय बिघडते, आणि काय करायचे. शिवाय आपल्याकडचा वाटाही उचलला. खड्डा आमचा, राख आमची, काट्या आमच्या. मग पलीकडच्या बाईला नाही म्हणणे अवघड झाले.

कुत्र्याला नवी जागा शिकवायला काही दिवस लागतात. खाणे झाल्यावर रोज त्याच जागी न्यावे. तेथे त्याने घाण केली की पाठीवर हात फिरवावा, भाकरीचा तुकडा द्यावा. दुसरीकडे केली म्हणून मागाहून मारले, तर त्याला कशाबद्दल मारले ते कळत नाही. तेव्हा शेजाऱ्याला दोन-तीन आठवडे द्या. दुसऱ्याच दिवशी पुन्हा भांडायला जाऊ नका.

६. बोलूनही झाले नाही तर?

मग दोघेही मानतील अशा वडीलधाऱ्या माणसाला मधे घ्या. १५ ऑगस्ट २००७ पासून आपल्या राज्यात महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. गावोगावी तंटामुक्ती समित्या झाल्या. आपल्या गावात समिती असेल, तर असले भांडण तिच्यापुढे ठेवावे. पोलीस पाटलांनाही सांगता येते.

कायदा मालकाकडेही पाहतो. आपल्या जनावरापासून माणसाच्या जिवाला धोका होईल किंवा जबर इजा होईल, असे असताना मालकाने काळजी घेतली नाही, तर न्याय संहितेच्या २९१ व्या कलमाप्रमाणे तो गुन्हा होतो. कुत्रा चावरा असेल, तर हे शेजाऱ्याला सांगावे. पण धमकी म्हणून नव्हे, माहिती म्हणून.

कधी कधी कुत्रा कोणाचाच नसतो. तेव्हा शेजाऱ्याला बोल लावू नका. भटक्या कुत्र्यांची नसबंदी करणे, त्यांना रेबीजची लस टोचणे हे काम २०२३ च्या नियमांप्रमाणे स्थानिक संस्थेकडे येते. म्हणून ग्रामपंचायतीकडे अर्ज करावा.

आता तुम्ही लिहायला शिकला आहात. अर्ज दुसऱ्याकडून लिहून घेऊ नका, आपल्या हाताने लिहा. अर्जात शेजाऱ्याचे नाव घालू नका. एका माणसाविरुद्ध तक्रार केली की वैर वाढते. सगळ्या गावासाठी नियम मागितला की कोणाला लागत नाही. खालचा नमुना पाहा आणि रिकाम्या जागा भरा.

दिनांक ..........

प्रति,
मा. सरपंच,
ग्रामपंचायत ..........
तालुका .........., जिल्हा पुणे.

विषय : गावातील मोकळ्या कुत्र्यांबाबत.

महोदय,

आमच्या आळीत रात्री कुत्री मोकळी फिरतात. परसातील भाजीत घाण होते. त्यातून मुलांना जंत होण्याची भीती आहे. कुत्र्यांच्या मागे बिबट्या वस्तीत येण्याचाही धोका आहे. तरी पुढील गोष्टी ग्रामसभेत मांडाव्यात, ही विनंती.

(१) पाळीव कुत्री रात्री बंद जागेत ठेवावीत, असे सर्वांना सांगावे.
(२) पशुवैद्यकीय दवाखान्यास कळवून कुत्र्यांना जंताचे औषध व रेबीजची लस देण्याचा दिवस ठरवावा.
(३) भटक्या कुत्र्यांच्या नसबंदीची व्यवस्था करावी.
(४) जत्रेच्या वेळी कापलेल्या जनावरांचे टाकाऊ अवयव पुरण्यासाठी खोल खड्डा करावा.

आपला / आपली,
सही ..........
नाव ..........

अर्जाच्या दोन प्रती करा. एक द्या. दुसरीवर "मिळाला" अशी सही, तारीख आणि शिक्का घ्या. ती घरी जपून ठेवा. मग ग्रामसभेला स्वतः जा, बायामाणसांनाही घेऊन जा. परसबाग बहुतेक त्याच सांभाळतात, तेव्हा त्यांचे म्हणणे सभेत आले पाहिजे.

लक्षात ठेवा

कुत्र्याची विष्ठा त्याच दिवशी उचलून पुरावी. उघडा हात लावू नये.
परसात चप्पल घालावी. भाजी धुऊन, शिजवून खावी.
कच्चे काळीज, आतडी कुत्र्याला घालू नयेत.
कुत्र्याला जंताचे औषध आणि दर वर्षी रेबीजची लस द्यावी.
रात्री कुत्रा दाराआड असावा.
विष, वीज, दगड यांच्या वाटेला जाऊ नये.
आधी शेजाऱ्याशी घरी जाऊन बोलावे, मग वडीलधारे, मग अर्ज.

प्रश्न

(१) शेणखत चालते, पण कुत्र्याची विष्ठा भाजीत का चालत नाही?
(२) कुत्रा पुन्हा पुन्हा त्याच जागी का येतो?
(३) कुत्र्याला घातलेले विष आणखी कोणाकोणाला मारू शकते?
(४) रात्री मोकळ्या कुत्र्यामुळे बिबट्या घराजवळ कसा येतो, ते आपल्या शब्दांत सांगा.
(५) तुमच्या आळीत रात्री किती कुत्री मोकळी असतात? आज मोजा. उद्या वर्गात सांगा. ज्यांची असतील, त्यांच्याकडे या आठवड्यात कोण बोलायला जाणार, तेही ठरवा.